त्याच्या पेपरातलं माझं इंग्रजी

सिडनीतल्या स्कोफिल्ड्सचं आमचं घर जेमतेम तीन वर्षांचं होतं आणि बाथरूमच्या टाइल्स सुटायला लागल्या होत्या. पाय ठेवला की पापड मोडल्यासारख्या वाजायच्या. नवऱ्यानं सहा महिने बिल्डरला ईमेल पाठवल्या, अगदी सभ्य भाषेत, "काइंडली डू द नीडफुल" छाप. काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात एक माणूस उभा. उंच, उन्हानं रापलेला, गुडघ्यांना पॅड बांधलेले, एका हातात बादली.

"आय कम फॉर द टाइल्स," तो म्हणाला. "आय स्टे ॲट यू थ्री डेज."

"ॲट युअर हाउस," मी म्हणाले.

निघूनच गेलं तोंडातून. चिंचवडच्या शाळेत नऊ वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई मी, चूक कानावर पडली की जीभ वळवळते. नवरा म्हणतो, तू एक दिवस पोलिसालाही सुधारशील आणि दंड भरून येशील. दुसरा कुणी असता तर चिडला असता. यानं बादली खाली ठेवली, कानामागची पेन्सिल काढली आणि टाइलच्या खोक्यावर लिहून घेतलं. मग म्हणाला, "थँक यू, टीचर." मी शिक्षिका आहे हे तोवर त्याला माहीतही नव्हतं.

ते त्याला दुपारी कळलं, डायनिंग रूममधला व्हाइटबोर्ड बघून. इथे आल्यावर माझ्या बी.एड.ला कुणी विचारेना. आठवडाभर चाइल्डकेअरमध्ये नोकरी करायची आणि शनिवार-रविवार डायनिंग टेबलावर इंग्रजीच्या परीक्षेची शिकवणी घ्यायची, असं माझं चाललं होतं. ती परीक्षा म्हणजे इथे राहू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मानेवरचं जू. पीआरला, म्हणजे कायमचं राहण्याच्या परवान्याला ती लागते, नर्स व्हायला लागते, काही वेळा नवऱ्याच्या पाठोपाठ आलेल्या बायकोलाही लागते. माझ्याकडे येणारे सगळे आपलेच: पंजाबी, तेलुगू, गुजराती, दोन-चार मराठी. आणि सगळे पास. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. माझ्या हातून कुणी नापास होत नाही म्हणजे नाही.

तिसऱ्या दिवशी काम संपल्यावर तो हात धुऊन टेबलाशी आला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. त्याचं बोलणं पुढे मी बहुतेक मराठीतच लिहिणार आहे. त्याच्या इंग्रजीची चारचौघांत फजिती करायची नाही मला, ती एकदा झाली तेवढी पुरे.

दक्षिण इटलीतल्या कुठल्याशा गावातून तो दहा वर्षांपूर्वी इथे आला. एका ऑस्ट्रेलियन बाईशी लग्न झालं, मुलगी झाली, आणि त्याची कायमच्या राहण्याची कागदपत्रं पूर्ण व्हायच्या आत लग्न मोडलं. मुलगी आता नऊ वर्षांची, आईजवळ राहते, एकाआड एक वीकेंडला बापाकडे येते. मूल ऑस्ट्रेलियन आहे एवढ्यावरून काही बापाला इथे राहू देत नाहीत, हे त्याच्या एजंटनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं. एकच वाट होती. ज्या बिल्डरकडे तो काम करत होता तो त्याला स्पॉन्सर करायला तयार होता. पण त्यासाठी इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात ठरावीक मार्क हवेत आणि अर्ज वयाची पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आत जायला हवा. पंचेचाळिसावा वाढदिवस येत्या मार्चमध्ये. तोपर्यंत सुटला तर मुलगी, नाहीतर विमान.

त्याआधी तो एकदा बसला होता. बोलणं, ऐकणं, वाचणं, सगळं सुटलं. लिहिण्यात गेला.

"प्रेपोझिशन्स," तो म्हणाला आणि खोक्याचा तो तुकडा माझ्यापुढे ठेवला. तीन दिवसांत मी सुधारलेलं सगळं त्यावर ओळीनं लिहिलेलं होतं. अहो, मला गलबलून आलं. शाळेत नऊ वर्षांत एका कार्ट्यानं माझं म्हणणं असं लिहून घेतलं नव्हतं.

"शनिवारी सकाळी ये," मी म्हणाले. "पास करून दाखवते."

रोग खरंच तेवढाच होता. बाकी इंग्रजी फर्डं. दहा वर्षं साइटवर काढलेली, शिव्या तर अस्सल ऑस्ट्रेलियन यायच्या. पण इन, ऑन, ॲट, टू, फ्रॉम आले की गाडी रुतायची. इट डिपेंड्स फ्रॉम द वेदर. आय वॉज मॅरिड विथ हर. आय थिंक टू माय डॉटर. त्यांच्या भाषेत म्हणे 'दा' नावाचा एक शब्द आहे. घरून आलो तरी दा, डॉक्टरकडे गेलो तरी दा, दोन वर्षांपासून राहतोय तरी दा. इंग्रजीत आल्यावर त्या एका शब्दाच्या जागी सहा-सात निघतात आणि त्यातला कुठला कुठे, हे कुणी सांगत नाही. मी बोर्डावर घरी, घरात, घरून, घराकडे असं रोमन लिपीत लिहून दाखवलं. म्हटलं, आम्ही मराठी माणसं हे सगळं शब्दाच्या शेपटीला चिकटवतो.

"म्हणजे तुम्हालाही हे नवीनच होतं?" त्यानं विचारलं.

"होतं की."

"मग तुम्ही कसं शिकलात?"

"घोकून," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. माझी आई चिंचवडला दहावीचे क्लास घ्यायची. मुलं सतरंजीवर बसून डिपेंड ऑन, डिपेंड ऑन, अफ्रेड ऑफ, अफ्रेड ऑफ म्हणत डुलायची, आणि ती डाळ निवडता निवडता ऐकायची. निबंधाचंही तसंच. गाईचा निबंध पाठ करायचा. परीक्षेत झाड आलं तर पहिल्या वाक्यात गाय झाडाला बांधायची, नदी आली तर गाय नदीवर पाणी प्यायला न्यायची, आणि मग गाय सुरू. यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. आई म्हणायची, अगं, परीक्षकाला दीडशे पेपर तपासायचेत, त्याला तुझ्या मनात काय आहे याच्याशी काय करायचंय? आईची मुलं पास व्हायची. माझीही होत होती.

पण हा माणूस घोकेना. म्हणजे घोकायचा, पण मध्येच थांबून विचारायचा, का? ऑन मंडे आणि इन जुलै, का? थिंक ऑफ आणि थिंक अबाउट, फरक काय? मला सांगता यायचं नाही. 'दोन्ही चालतं' म्हणून मी पुढे सरकायचे. मला पास होण्यापुरतं येत होतं हो. का, हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

तो ते आपल्या पद्धतीनं लावायचा. भिंतीवरची टाइल ऑन, टाइलमधल्या फटीतला माल इन, कोपरा ॲट. हाताला जे कळत होतं ते त्याचं कधी चुकायचं नाही. उरलेल्यांची वाक्यं करून आणायचा, दर शनिवारी दहा, खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं, आणि सगळी मुलीबद्दल. आय वेट फॉर हर ॲट द गेट. शी इज गुड ॲट स्विमिंग. आय ॲम अफ्रेड ऑफ मार्च. हे शेवटचं मी वाचलं आणि 'बरोबर' अशी खूण केली. दुसरं काय करणार? त्यात व्याकरणाची चूक नव्हती.

ज्या शनिवारी मुलगी त्याच्याकडे असे त्या शनिवारी तिलाही घेऊन यायचा. नाकावर ठिपके असलेली, गप्प पोर. सोफ्यावर पाय दुमडून पुस्तक वाचत बसायची. भाकरवडी आवडायला लागली तिला, तिखट लागली की डोळ्यांतून पाणी, पण डबा सोडायची नाही. बाप अडखळला की पुस्तकाचं पान उलटायचं थांबायचं. मान मात्र वर करायची नाही.

नोव्हेंबरमध्ये तो दुसऱ्यांदा बसला. निबंधाला आलं होतं, शाळेत मुलांना हाताची कामं शिकवावीत का. त्यानं स्वतःचंच लिहिलं. बापानं त्याला बाराव्या वर्षी पहिली टाइल बसवायला दिली, ती वाकडी बसली, बापानं ती काढू दिली नाही, आणि ती अजून त्यांच्या स्वयंपाकघरात वाकडीच आहे, असं सगळं. दोन मार्कांनी गेला. फक्त दोन! पण चेहरा असा, जणू पहिला आलाय. यूट, म्हणजे त्याची ती मागे उघडा हौदा असलेली गाडी, दारात लावून हॉर्न वाजवतच आला. "टू पॉइंट्स, टीचर! ओन्ली टू!" मागच्या वेळी नऊनं गेला होता. नऊवरून दोन. अजून तीन महिने होते. शहाण्या माणसानं काय केलं असतं? आहे तसंच चालू ठेवलं असतं. दहाची वीस वाक्यं केली असती.

मला मात्र झोंबलं. सगळे पास होतात म्हणून मी मिरवत होते ना? आता माझा एक नापास होता. तो दोनानं का असेना, नापासच. त्या रात्री नवऱ्याजवळ मी तणतणले, की गोष्टी काय सांगत बसतो परीक्षेत, वाकडी टाइल म्हणे! नवरा म्हणाला, "मला तर वाचायला आवडली असती." मी म्हटलं, तुला काय कळतंय.

पुढच्या शनिवारी मी त्याच्यापुढे माझा साचा ठेवला. टेम्प्लेट म्हणतात आमच्या शिकवण्यांत त्याला. चार परिच्छेदांचा तयार निबंध, विषयाच्या जागी तेवढी रिकामी ओळ. "इन द कंटेम्पररी एरा, द इश्यू ऑफ अमुक हॅज स्पार्क्ड अ हीटेड डिबेट" इथून सुरू. शिक्षण येवो, प्रदूषण येवो, मोबाइल येवो, रिकाम्या ओळीत विषय भरायचा आणि बाकीचं धडाधड लिहीत सुटायचं. मी स्वतः त्याच्यावरच पास झाले होते, उत्तम मार्कांनी. एकूण एक प्रेपोझिशन जागच्या जागी. आईची गायच होती ती, इंग्रजी बोलणारी.

त्यानं दोनदा वाचलं. "हे छान आहे," म्हणाला. "पण बोलतोय तो मी नाही."

"तू कोण आहेस हे त्यांना जाणून घ्यायचं नाहीये," मी म्हणाले. आईचंच वाक्य.

"माझ्या वाक्यांचं काय? दोनच तर मार्क."

आणि मग मी ते बोलले. अजून माझ्या कानात आहे. "तुला प्रामाणिक राहायचंय की ऑस्ट्रेलियात राहायचंय? ठरव."

तो सोफ्याकडे वळून बघायला लागला. मुलगी त्या शनिवारी नव्हती, सोफा रिकामाच होता. मग त्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "ओके, टीचर."

पुठ्ठे आणायचं बंद झालं. माणूस घोकायला लागला तर किती घोकावं! यूटमध्ये चालवता चालवता म्हणायचा, भिंतीला टाइल लावता लावता म्हणायचा. बरोबरचे लोक हसायचे म्हणे, मेट, हू डाइड? नाताळच्या सुट्टीत त्याच्या मुलीनं त्याला समुद्रावर चल म्हटलं तर हा वाळूत बसून हीटेड डिबेट म्हणत होता. हे त्यानंच मला सांगितलं, कौतुकानं. महिन्याभरात त्याला चारही परिच्छेद पाठ झाले, स्वल्पविरामासकट. मी कुठलाही विषय सांगावा, त्यानं वीस मिनिटांत लिहून द्यावं. एक चूक नाही. मी नवऱ्याला म्हटलं, बघ.

जानेवारीत मला एक फोन आला. ब्लॅकटाउनकडे एक पंजाबी सर असेच क्लास घेतात, आमच्या शिकवणीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची ओळख. चांगला माणूस, कधी उगाच फोन करणारा नव्हे. "मॅडम, टेम्प्लेट मत करवाओ अब," ते म्हणाले. "पकड़ रहे हैं. मेरे तीन बच्चे गए. राइटिंग में कुछ नहीं देते." परीक्षावाल्यांनी तपासायची पद्धत बदललीय, पाठ केलेलं ओळखतात, स्वतःचं लिहिलेलं तोडकंमोडकं असलं तरी चालतं पण हे नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना थँक्यू म्हटलं. फोन ठेवला आणि मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. यांच्या पोरांना धड पाठ करता येत नाही आणि खापर टेम्प्लेटवर. त्यातून मला घाबरवून माझे विद्यार्थी पळवायचे असतील. हे सगळं मी खरंच मानत होते का? अर्धं. उरलेल्या अर्ध्या मनाला कळलं होतं, कारण मी लगेच ग्रुपवर जाऊन मागचे मेसेज चाळले आणि तिथे आणखी दोघांनी तेच लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. वाचून फोन पालथा ठेवला.

नवऱ्यानं विचारलं कुणाचा फोन, म्हणून त्याला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "त्याला सांगून टाक. त्याचं आयुष्य आहे, ठरवू दे त्याला."

"आता महिना उरलाय," मी म्हटलं. "आता बदल म्हणून सांगितलं तर गोंधळून जाईल तो. होतं तेही जाईल."

"निदान सांग तरी."

"तू माझ्या शिकवण्यात पडू नकोस."

तो पडला नाही. आमच्याकडे अशी वाक्यं बोलली की विषय संपतो. मी त्या शनिवारी त्याला शहरांतली गर्दी हा विषय दिला. त्यानं वीस मिनिटांत लिहून दिलं, आणि मी खाली 'एक्सलंट' लिहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी तो तिसऱ्यांदा बसला. वाढदिवसाला तेरा दिवस होते. निकालाचा ईमेल पाच दिवसांनी आला आणि तो रविवारी दुपारी माझ्याकडे आला. हॉर्न नाही, काही नाही. मी खिडकीतून बघितलं तर यूट दारात उभी आणि तो आत बसलेला, स्टीअरिंगवर दोन्ही हात. किती वेळ तसाच असावा कोण जाणे. मी दार उघडल्यावर उतरला.

फोन माझ्या हातात दिला. बोलणं, ऐकणं, वाचणं, सगळीकडे आधीपेक्षा जास्त. लिहिण्यात पंचवीसनं खाली. दोननं नाही, पंचवीसनं. पहिल्यांदा, माझ्याकडे यायच्या आधी, कुणी काही शिकवलं नव्हतं तेव्हासुद्धा तो इतका खाली नव्हता. एका नजरेत कळलं मला. आंधळ्यालाही कळलं असतं.

त्याला कळलं नाही. त्याचा माझ्यावर विश्वास होता ना.

"विषय काय होता?" मी विचारलं.

विषय होता, घरापासून लांब राहणाऱ्या माणसानं मुलांशी नातं कसं टिकवावं. देवा रे! एवढा विषय त्याच्यापुढे आला होता. नोव्हेंबरपर्यंतचे त्याचे सगळे पुठ्ठे याच विषयावर होते. आणि त्यानं काय लिहिलं? इन द कंटेम्पररी एरा, द इश्यू ऑफ बीइंग फार फ्रॉम चिल्ड्रन हॅज स्पार्क्ड अ हीटेड डिबेट.

"एकदा वाटलं होतं, माझंच लिहावं," तो म्हणाला. "पण मग तुम्ही चिडाल असं वाटलं." आणि मग, अगदी हळू, "प्रेपोझिशन्स चुकली असतील ना, टीचर?"

त्या पानावर एकही प्रेपोझिशन चुकलेलं नव्हतं. चुकणार कसं? ते सगळं माझं होतं. नेमकं तेव्हा सांगायला हवं होतं. नवरा आतल्या खोलीत होता, दार उघडं होतं, त्याला ऐकू जात होतं.

"हो," मी म्हणाले. "प्रेपोझिशन्सच असणार."

त्यानं मान हलवली. मग आम्ही दोघं माझ्या लॅपटॉपवर पुढच्या तारखा बघत बसलो. सिडनीत जागा नव्हती, कॅनबेरात नव्हती, मेलबर्नला नव्हती. पर्थला एक होती, पण ती वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीची. तो ती तारीख पुन्हा पुन्हा बघत होता, जणू बघून ती मागे सरकणार होती. मी चहा केला. तो तसाच राहिला.

त्याच महिन्यात माझ्याकडची एक गुजराती मुलगी अगदी अशीच आपटली. तिला मात्र मी दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं, टेम्प्लेट विसर, मनचं लिही. महिन्यानं ती सुटली. तिला वेळ होता म्हणून मला खरं बोलता आलं. त्याला सांगून आता काय उपयोग, तारीख तर गेली, उगाच जीवाला घोर, असं मी स्वतःला समजावलं. कारण ऐकायला बरं होतं. खरं कारण एवढंच की तो मला टीचर म्हणायचा आणि ते थांबलं असतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गप्प बसले. शरम वाटते लिहिताना, पण वाटून काय उपयोग.

वाढदिवस आला आणि गेला. एजंटनं सांगितलं, आता काही होत नाही. त्याच्याकडे असलेला व्हिसा एप्रिलमध्ये संपत होता. शेवटच्या शनिवारी तो निरोप घ्यायला आला, मुलीला घेऊन. माझ्या बाथरूममध्ये एका कोपऱ्यात माल थोडा निघाला होता, ते मी कधीतरी बोलले होते. तो हत्यारं घेऊनच आला होता. "असं अर्धवट ठेवून जायचं नाही," म्हणाला आणि गुडघ्यांना पॅड बांधून आत गेला. तो आत जाताना मी म्हटलं, राहू दे, कशाला, तर म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत." मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

मुलगी सोफ्यावर बसली. मी भाकरवडीचा डबा दिला, तिनं तो मांडीवर ठेवला, उघडला नाही. पुस्तकही आणलेलं नव्हतं. बाथरूममधून खरवडण्याचा आवाज येत होता. ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलली, इंग्रजीत, तिच्या त्या स्वच्छ ऑस्ट्रेलियन उच्चारांत.

"बाबाचं इंग्रजी खरंच इतकं वाईट होतं?"

काय सांगणार होते मी? नव्हतं गं बाळा. दोन मार्कांचं होतं. पण हे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणाले, "प्रेपोझिशन्स जरा कच्ची होती."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला सगळी ऐकू यायची. तो चुकला की दर वेळी मला कळायचं. पण मम म्हणायची, त्याला सुधारू नकोस, त्याला वाईट वाटतं. म्हणून मी कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला जावं लागलं नसतं."

"नाही," मी म्हणाले. "नाही, नाही. तुझी चूक नाहीये ही. अजिबात नाही."

"मग कुणाची?"

खरवडण्याचा आवाज थांबला होता. तो माल लागलेले हात पुसत दारात उभा होता, सगळं ऐकलेला. मुलगी माझ्याकडे बघत होती आणि उत्तराची वाट पाहत होती. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"माझी," तो तिला म्हणाला. "फक्त माझी. टीचरनं तर सगळं केलं." तिच्याजवळ खाली बसून त्यानं तिचे डोळे पुसले. ती त्याच्या खांद्यात तोंड घालून रडत होती, आणि तिच्या डोक्यावरून तो माझ्याकडे बघून हसला, धीर द्यायला. मला.

मी त्याला हातांवर उरलेला माल पुसायला पेपर टॉवेल आणून दिला.